नाताळ : पापविमोचनाच्या दृष्टीने

नाताळ. येशू ख्रिस्ताच्या जन्माप्रीत्यर्थ पाळला जाणारा ख्रिस्ती धर्मातील महोत्सव. बहुतेक पंथांत २५ डिसेंबर रोजी. लोकव्यवहारात हा सण बालकाच्या जन्माचा, दीपांचा आणि मिष्टान्नांचा म्हणून परिचित असला, तरी धर्मशास्त्रातील त्याचे स्थान निराळ्याच एका प्रश्नाने ठरले आहे : ईश्वराने मनुष्यदेह का धारण केला? ख्रिस्ती परंपरेने या प्रश्नाचे मुख्यत्वेकरून दिलेले उत्तर असे की, मनुष्य पापात पडला, त्या पतनातून स्वबळावर उठण्याचे सामर्थ्य त्याच्यात उरले नाही, आणि म्हणून ज्याच्याविरुद्ध अपराध घडला त्यानेच अपराध्याच्या कुळात जन्म घेऊन त्याच्या सुटकेचा मार्ग मोकळा केला. प्रस्तुत नोंदीत सणाच्या रीतिरिवाजांचा परामर्श या अर्थाच्या अनुषंगानेच घेतला आहे.

चार शुभवर्तमानांपैकी मत्तय व लूक या दोघांनीच जन्मकथा सांगितली आहे. मार्क जन्माविषयी मौन पाळतो, आणि योहान गोठा, मेंढपाळ, तारा यांपैकी कशाचाही उल्लेख न करता सृष्टीपूर्वीच्या अनादी शब्दापासून आरंभ करून तो शब्द देहधारी झाला एवढेच सांगतो. पापाचा संबंध जन्माशी सर्वांत स्पष्टपणे जोडला तो मत्तयाने : स्वप्नात दिसलेला देवदूत योसेफाला बालकाचे नाव येशू ठेवण्याची आज्ञा करतो, आणि तो आपल्या लोकांना त्यांच्या पापांपासून तारील हे त्या नावाचे कारण सांगतो. रोमन सत्तेचे जोखड झुगारून देणाऱ्या राजाची वाट पाहणाऱ्या समाजात हे वचन अपेक्षाभंगाचेच ठरावे असे होते. लूकचा कथाभाग राजकीय पार्श्वभूमीवर उभा आहे. कैसर औगुस्ताचे फर्मान सुटते, खानेसुमारीसाठी ज्याने त्याने आपापल्या मूळ गावी जावयाचे ठरते, आणि त्यामुळे योसेफ आणि मरीया हे नासरेथचे दांपत्य दाविदाच्या बेथलेहेमात येऊन पोचते. (क्विरीनिय सिरियाचा सुभेदार असता इ. स. ६ मध्ये झालेली खानेसुमारी आणि इ. स. पू. ४ च्या सुमारास मरण पावलेला हेरोद यांचा कालमेळ बसत नाही, ही अडचण अभ्यासकांना पूर्वापार ठाऊक आहे. प्रस्तुत विषयाला तिने बाध येत नाही.)

मत्तयाने आरंभी दिलेली वंशावळ वाचक बहुधा ओलांडून जातो; वास्तविक विषयाचे मर्म तेथेच आहे. पुरुषांच्या त्या लांबलचक यादीत मरीयेखेरीज चारच स्त्रिया येतात : तामार, राहाब, रूथ, आणि जिचे नावही न घेता केवळ उरीयाची बायको म्हणून जिचा निर्देश केला आहे ती बथशेबा. पापी जनांसाठी येणाऱ्याने पापी जनांच्या वंशात जन्म घ्यावा म्हणून या स्त्रियांची निवड झाली, असा बायबलचा प्राचीन भाष्यकार जेरोम याचा अभिप्राय आहे. रूथच्या बाबतीत तो मुळीच लागू पडत नाही, आणि उरीयाच्या प्रकरणातील खरा अपराधी तर राजा दावीद होता. तथापि पूर्वजांचा कलंक झाकून न ठेवता तो दप्तरी नोंदवून ठेवण्यात शुभवर्तमानकाराचा हेतू होता, एवढे जेरोमने अचूक ओळखले.

पापाची ख्रिस्ती कल्पना पापपुण्याच्या जमाखर्चाहून वेगळी आहे. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायातील आदाम आणि हव्वा यांच्या कथेत निषिद्ध फळ खाण्याचे कृत्य क्षुल्लक दिसते. पण त्यामागे विश्वासाचा भंग, ईश्वरासमान होण्याची आकांक्षा आणि अपराध उघड झाल्यावर दोष परस्परांवर ढकलण्याची वृत्ती अशी सगळी परंपरा आहे. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात एका मनुष्याद्वारे पाप व मरण जगात आले आणि एकाच मनुष्याद्वारे नीतिमत्त्व व जीवन आले, असा आदाम-ख्रिस्ताचा प्रतिपक्ष मांडला. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात लियाँचा बिशप आयरिनीअस याने त्याचा विस्तार केला. आदामाने जी वाट चुकवली तीच वाट ख्रिस्ताने जन्मापासून पुन्हा चालून सरळ केली, हव्वेच्या अवज्ञेने पडलेली गाठ मरीयेच्या आज्ञाधारकपणाने सुटली, हा त्याचा सिद्धांत. मरणाने मोक्ष मिळवून द्यावयाचा, तर मग बालपण, यौवन आणि सारे ऐहिक जीवन कशासाठी, या शंकेचे सर्वांत समाधानकारक उत्तर, आमच्या मते, आयरिनीअसनेच दिले आहे.

आदामाचे हे पहिले पाप, म्हणजे आदिपाप, वंशपरंपरेने प्रत्येक जिवाला चिकटते की केवळ वाईट उदाहरणाने पसरते, यावर पाचव्या शतकाच्या आरंभी हिप्पोचा बिशप संत ऑगस्टीन आणि ब्रिटनकडील तपस्वी पेलाजियस यांचा कडाक्याचा वाद झाला. मनुष्य आपल्या इच्छाशक्तीने निष्पाप राहू शकतो असे पेलाजियसच्या पक्षाचे म्हणणे; तसे असेल तर तारणारा हवा कशाला, केवळ उत्तम गुरू पुरेल, असा ऑगस्टीनचा प्रतिवाद. इ. स. ४१८ च्या कार्थेजच्या धर्मसभेने पेलाजियसचे मत त्याज्य ठरविले. पौर्वात्य चर्चने मात्र ऑगस्टीनची सारी परिभाषा कधीच स्वीकारली नाही. आदामाचा अपराध नव्हे तर त्या अपराधाचे फळ असलेली मर्त्यता व विकृती वारशाने येते, असा तिचा पक्ष आहे. परिणामी पश्चिमेकडे नाताळाचा स्वर क्षमेचा, तर पूर्वेकडे आरोग्याचा आणि दिव्यत्वप्राप्तीचा उमटतो. यहुदी धर्माला आदिपाप मान्य नाही. इस्लामात मरीयेच्या पोटी झालेला येशूचा अलौकिक जन्म मान्य असूनही, आदामाला क्षमा मिळाली असल्याने वारशाने येणारे पाप आणि त्यासाठी तारणारा या दोहोंना तेथे जागा नाही.

पण क्षमाच करावयाची तर सर्वशक्तिमान ईश्वराला जन्म घेण्याचे प्रयोजन काय? एका शब्दाने क्षमा होऊ शकली नसती काय? या आक्षेपाला दोन थोर उत्तरे मिळाली. पहिले चौथ्या शतकातील अलेक्झांड्रियाच्या अथनेशियसचे. अपराध एवढाच प्रश्न असता तर पश्चात्ताप पुरेसा झाला असता, असे तो मोकळेपणाने मान्य करतो. परंतु पापाने मनुष्याच्या प्रकृतीतच विनाशाची कीड शिरली होती, आणि पश्चात्तापाने प्रकृती पालटत नाही. फळ्यावरील चित्र मळून पुसट झाले तर चित्रकार फळा टाकून देत नाही, ज्याचे ते चित्र त्यालाच पुन्हा समोर बसवून त्याच फळ्यावर ते नव्याने रेखाटतो. तद्वत ज्याच्या प्रतिमेनुसार मनुष्य घडला तो स्वतःच मनुष्यात आला, असा त्याचा प्रसिद्ध दृष्टांत आहे. ख्रिस्त पूर्ण ईश्वर नसेल तर हे चित्र दुरुस्त होणार नाही, याच कारणास्तव निकिया येथे इ. स. ३२५ मध्ये भरलेल्या धर्मसभेच्या निर्णयासाठी त्याने पुढे हद्दपारी वारंवार पत्करली. तो पूर्ण मनुष्य नसेल तर दुरुस्ती मनुष्याची होणार नाही, ही दुसरी बाजू इ. स. ४५१ च्या कॅल्सिडनच्या धर्मसभेने एका व्यक्तीत दोन स्वभाव या सूत्राने पक्की केली.

दुसरे उत्तर कँटरबरीचा आर्चबिशप अँसेल्म याने १०९८ मध्ये पूर्ण केलेल्या ‘कूर देउस होमो’ (ईश्वर मनुष्य का झाला) या संवादग्रंथात दिले. बोसो नावाच्या मठवासी शिष्याच्या शंकांना उत्तरे देत, शास्त्रवचनांचा आधार बाजूला ठेवून निव्वळ तर्काने देहधारणाची आवश्यकता सिद्ध करण्याची प्रतिज्ञा त्याने केली. ईश्वराला देय असलेला मान न देणे हे पाप. ज्याचा अपमान झाला त्याच्या थोरवीप्रमाणे अपराधाचे मान ठरते, सबब हे देणे अनंत आहे. ते फेडण्याची जबाबदारी मनुष्याची, पण फेडण्याची ऐपत फक्त ईश्वराची. तेव्हा जो एकाच वेळी ईश्वर आणि मनुष्य असेल त्याच्यावाचून हे देणे चुकते होणे नाही. त्यातही येशूचे सदाचरण हे त्याचे मनुष्य म्हणून कर्तव्यच होते, परंतु निष्पाप असल्यामुळे मरण त्याच्या वाट्याचे नव्हते. ते त्याने स्वेच्छेने पत्करले आणि त्याचे पुण्य आपल्या बांधवांच्या नावे केले. युक्तिवाद विलक्षण रेखीव आहे. सरंजामी युगातील धनी आणि कुळे यांच्या संबंधांची छाया त्यावर पडली आहे ही टीकाही खोटी नाही, आणि ऋणको-धनकोच्या या परिभाषेत प्रेमाला जागा कोठे, हा प्रश्न पुढच्याच पिढीत पीटर ॲबेलार्डच्या लेखनातून पुढे आला. ख्रिस्ताच्या जीवनाने व मरणाने ईश्वराचे प्रेम प्रकट होऊन मनुष्याचे हृदय पालटते, हेच तारण, असे ॲबेलार्ड मानी. तरीही पश्चिमेकडील कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट या उभय परंपरांचा पापनिष्कृतीविषयीचा विचार आजतागायत अँसेल्मनेच घातलेल्या चाकोरीतून बव्हंशी चालत आला आहे.

मनुष्याने पाप केलेच नसते, तर ख्रिस्तजन्म झाला असता काय? मध्ययुगीन विद्यापीठांतून चघळला गेलेला हा प्रश्न वरकरणी रिकामटेकडा वाटतो. तथापि नाताळाचा अर्थ पापावर किती अवलंबून आहे याची कसोटी त्यातच आहे. थॉमस अक्वायनस म्हणतो : ईश्वरी इच्छेचे ज्ञान आपल्याला शास्त्रातूनच होते, आणि शास्त्र सर्वत्र देहधारणाचे कारण मनुष्याचे पाप हेच सांगते, म्हणून पाप नसते तर देहधारण नसते असे मानणे अधिक उचित, मात्र ईश्वराचे सामर्थ्य या अटीने बांधलेले नाही. फ्रान्सिस्कन तत्त्वज्ञ जॉन डन्स स्कोटस याला हे पटले नाही. सृष्टीतील सर्वश्रेष्ठ कृती एका अपराधाच्या निमित्ताने केवळ प्रसंगोपात्त घडली असे मानणे त्याला विपरीत वाटले. ख्रिस्ताचा संकल्प आदामाच्या पतनाच्या पूर्वविचाराहूनही आधीचा, असे त्याने प्रतिपादिले. रोमच्या चर्चने या दोहोंपैकी कोणतेही मत निषिद्ध केलेले नाही. स्कोटसचे मत अधिक उदात्त आहे यात शंका नाही. परंतु मत्तयाने सांगितलेले नामकरणाचे कारण समोर ठेवले म्हणजे अक्वायनसचा पक्ष ग्रंथाला अधिक धरून आहे असेच म्हणावे लागते. मरीया स्वतः गर्भधारणेच्या क्षणापासून आदिपापाच्या कलंकापासून मुक्त होती, या मताचाही स्कोटस पुरस्कर्ता होता. ते १८५४ मध्ये पोप नववे पायस यांनी धर्मसिद्धांत म्हणून घोषित केले. त्याचा सण ८ डिसेंबरला, म्हणजे नाताळच्या तयारीच्या काळातच येतो, आणि पणजीच्या टेकडीवरील चर्चचे फेस्त म्हणून गोव्यात तो सर्वपरिचित आहे. हा सिद्धांत येशूच्या जन्माविषयी आहे असा समज सुशिक्षितांतही आढळतो. तो निराधार होय.

आरंभीच्या तीन शतकांत जन्मोत्सवाला चर्चमध्ये महत्त्वाचे स्थान नव्हते. पुनरुत्थानाचा सण हाच मुख्य. आपल्या जन्मदिवसाचा सोहळा फारो आणि हेरोद यांच्यासारखे पापीच करतात, असे तिसऱ्या शतकात ओरिजेनने नोंदविले आहे. २५ डिसेंबरचा सर्वांत जुना निःसंदिग्ध उल्लेख इ. स. ३५४ च्या रोमन पंचिकेत मिळतो. अजिंक्य सूर्याच्या रोमन उत्सवावरून ही तिथी घेतली की २५ मार्च या मानीव गर्भधारणादिनापासून नऊ महिने मोजून काढली, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत.

सणाच्या विधींत पापाची जाणीव ठायी ठायी जपलेली आहे. रोमन पद्धतीत नाताळपूर्वीच्या चार रविवारांच्या आगमनकाळात प्रायश्चित्ताचा जांभळा रंग वापरतात आणि मिस्सामधील देवदूतांचे महिमागान त्या रविवारी वगळून नाताळच्या रात्री पुन्हा गातात. पौर्वात्य चर्चमध्ये चाळीस दिवसांचा उपवास असतो. मानवाच्या तारणासाठी ख्रिस्त स्वर्गातून उतरला व मनुष्य झाला हे विश्वासप्रकटनातील शब्द उच्चारताना एरवी मस्तक लवविणारे कॅथलिक उपासक नाताळला गुडघे टेकतात. हेरोदाने मारविलेल्या बालकांचे स्मरण २८ डिसेंबरला होते, म्हणजे उत्सवाचा आठवडा रक्तपाताने डागाळलेलाच ठेवला आहे. बायझंटाईन चित्रपरंपरेत बालक काळोख्या गुहेत, कबरीसारख्या दिसणाऱ्या गव्हाणीत, प्रेतवस्त्रासारख्या बाळंत्यांत गुंडाळलेले दाखवितात. मध्ययुगीन युरोपात २४ डिसेंबर हा आदाम-हव्वेचा दिवस मानीत, आणि त्या दिवशीच्या नाटकात एदेनबागेचे झाड म्हणून सफरचंदे टांगलेले सूचिपर्णी झाड रंगभूमीवर आणीत. १६०५ च्या स्ट्रासबुर्गमधील एका वृत्तान्तात घराघरांतून उभारलेल्या झाडांवर सफरचंदांबरोबरच वेफरही टांगल्याचे वर्णन आहे : एक पतनाचे फळ, दुसरे प्रभुभोजनाच्या भाकरीची आठवण देणारे. आजच्या नाताळवृक्षावरील चकचकीत गोळे त्या सफरचंदांचे वंशज होत, असे सामान्यतः मानतात.

धर्मसुधारणेनंतर तिचा प्रवर्तक ल्यूथर याने सण जिवापाड जपला. इंग्लंडच्या प्युरिटनांना मात्र शास्त्राधार नसलेला आणि मद्यपानाने बरबटलेला हा उत्सव पापाचा उतारा नव्हे तर पापाचे निमित्त वाटला; त्यांच्या पार्लमेंटने १६४७ मध्ये तो रद्द केला, त्यावरून कँटरबरीत दंगल उसळली, आणि मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ ते १६८१ पर्यंत नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड होता. उलट टोक एकोणिसाव्या शतकाने गाठले. इंग्रज कादंबरीकार डिकन्सच्या १८४३ मधील सुप्रसिद्ध कथेत कृपण म्हाताऱ्याचे मनःपरिवर्तन एका रात्रीत घडते, पण ते ख्रिस्ताच्या नव्हे, भुतांच्या दर्शनाने. पाप आणि पश्चात्ताप तेवढे राहिले, तारणारा पडद्याआड गेला. आधुनिक नाताळाची घडण बव्हंशी या धर्तीची आहे.

मराठीत हा विषय ओवीत आला. इंग्लंडात १५४९ मध्ये जन्मलेल्या आणि १५७९ मध्ये गोव्यास आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या जेझुइटाचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. त्या मुद्रित आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी हाती घेतलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या पश्चात लक्ष्मीबाई टिळकांनी पूर्णत्वास नेले. देहधारणाची संगती लावण्याच्या दृष्टीने स्टीफन्सची रचना विशेष मननीय आहे. सुमारे ११,००० ओव्यांच्या या ग्रंथात सृष्टी, पतन आणि तारणाऱ्याच्या आगमनाची भाकिते यांना त्याने संपूर्ण ‘पहिले पुराण’ दिले आहे, आणि येशूचे चरित्र ‘दुसऱ्या पुराणा’त येते. केवळ जन्माख्यान वाचण्याच्या इच्छेने हा ग्रंथ उघडणाऱ्याने थेट दुसऱ्या पुराणावर न जाता पहिल्यातील आदाम-हव्वेची कथा आधी वाचावी. जोसेफ सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथे सिद्ध केलेल्या आवृत्तीत दोन्ही भाग आहेत.