मुलांकडून काही मागा

आठवी ते बारावीच्या मुलांची मंडळीतली उपस्थिती घटू लागली की पास्टोरेट कमिटीत ठरलेला उपाय पुढे येतो: कार्यक्रम आकर्षक करा. गिटार आणा, ड्रम आणा, खेळ घ्या, वचन दहा मिनिटांत आटोपा, शेवटी खायला काहीतरी चांगलं ठेवा. मुलाच्या हातात मोबाइल आहे, शाळा आणि क्लास करून तो आधीच दमलेला आहे, चर्चमध्येही त्याच्या डोक्यावर ओझं ठेवलं तर तो फिरकणारच नाही, असा हा पक्ष आहे. तो मांडणारी माणसं मुलांवर जीव लावणारी आहेत, पदरमोड करून शिबिरं भरवणारी आहेत. म्हणून त्यांचं म्हणणं पूर्ण समजून घेऊन मगच ते खोडलं पाहिजे. माझं मत स्पष्ट आहे: हा उपाय चुकीचा आहे, आणि त्याचं नुकसान आपली मुलं सोसत आहेत.

या पक्षाला इतिहास आहे. 1941 मध्ये जिम रेबर्न यांनी टेक्सासमध्ये ‘यंग लाइफ’ ही संस्था उभी केली. सुवार्ता सांगताना मुलांना कंटाळा आणणं हे पापच, असं ते मानत. 1944 मध्ये ‘यूथ फॉर ख्राइस्ट’ आली. बिली ग्रॅहम हे तिचे पहिले पूर्णवेळ कार्यकर्ते. तिच्या शनिवार रात्रीच्या सभांत बँड असे, प्रश्नमंजूषा असे, आणि क्रुसापुढे गुडघे टेकायला शिकवलेला घोडाही मंचावर आणला गेला. आज आपल्याकडच्या यूथ मीटिंगचा जो साचा दिसतो, तो बराचसा तिथून आलेला आहे.

रेबर्न यांचं म्हणणं अर्धं खरं होतं, हे मान्य केलं पाहिजे. एका सुरात पाऊण तास प्रवचन वाचून दाखवायचं आणि मुलं जांभया देतात म्हणून त्यांच्या श्रद्धेवर शंका घ्यायची, हा अन्याय आहे. पण ‘कंटाळा आणू नका’ इथून ‘सतत रमवत ठेवा’ इथवर आपण केव्हा येऊन पोहोचलो, ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. एकदा रमवणं हेच काम ठरलं की मूल प्रेक्षक होतं आणि सभेचं यश डोकी मोजून ठरतं. प्रेक्षकाला जास्त चांगला खेळ दुसरीकडे दिसला की तो उठून जातो. त्यात त्याचा दोष नाही. आपणच त्याला तसं बसवलेलं असतं.

रेबर्न यांच्या साठ वर्षं आधी अमेरिकेतच अगदी उलटा प्रयोग झाला होता. 2 फेब्रुवारी 1881 रोजी मेन राज्यातल्या पोर्टलंड शहरात फ्रान्सिस क्लार्क या पाळकांनी आपल्या मंडळीतल्या मुलामुलींपुढे एक प्रतिज्ञा ठेवली. रोज प्रार्थना, रोज शास्त्रवाचन, आणि प्रत्येक सभेत नुसतं बसून न राहता काहीतरी भाग घेणं. ती वाचल्यावर खोलीत शांतता पसरली. मुलं बिचकली होती. पण सह्या झाल्या, आणि त्यातून उभी राहिलेली ‘ख्रिश्चन एन्डेव्हर’ ही चळवळ काही वर्षांत देशोदेशी, भारतातही, पोहोचली. मुलं पळून जातील इतकी मोठी ती मागणी होती, तरी मुलं आली.

आता रमवण्याचं फळ काय, ते पाहू. ख्रिश्चन स्मिथ आणि मेलिंडा डेंटन या समाजशास्त्रज्ञांनी 2002-03 मध्ये अमेरिकेतल्या तेरा ते सतरा वर्षांच्या तीन हजारांहून अधिक मुलांची पाहणी केली आणि त्यांतल्या 267 जणांच्या समोर बसून सविस्तर मुलाखती घेतल्या. 2005 मध्ये निष्कर्ष पुस्तकरूपाने आले. मुलं बंडखोर नव्हती. धर्माबद्दल त्यांची फारशी तक्रारही नव्हती. पण ‘तू काय मानतोस?’ असं विचारलं की बहुतेकांची जीभ अडखळे. अमली पदार्थांचे किंवा लैंगिक आजारांचे धोके हीच मुलं सफाईने सांगत होती, कारण ते त्यांना कुणीतरी नीट शिकवलं होतं. श्रद्धेबद्दल त्यांच्याकडे होतं ते एवढंच: देव आहे, आपण चांगलं वागावं आणि सुखात राहावं एवढीच त्याची इच्छा आहे, अडचणीत तो मदतीला येतो, एरवी मध्ये पडत नाही. यात क्रूस नाही, पश्चात्ताप नाही, शेजाऱ्यासाठी झीज सोसणं नाही.

याच पाहणीत ठळकपणे वेगळी दिसली ती मॉर्मन मुलं. त्यांच्या शिकवणुकीशी इतर मंडळ्यांचे मूलभूत मतभेद आहेत, माझेही आहेत. पण त्यांच्याकडे माध्यमिक शाळेची चार वर्षं मुलांनी रोज शास्त्रवर्गाला बसायचं असतं, आणि अनेक ठिकाणी तो शाळेआधी पहाटे भरतो. आपण काय मानतो आणि का मानतो, हे त्यांना इतरांपेक्षा बरंच स्पष्ट सांगता येत होतं. केवळ पहाटेच्या वर्गाने हे साधलं असं म्हणणं घाईचं होईल. घरातल्या आईवडिलांची श्रद्धा हा सर्वांत वजनदार घटक, असं ही पाहणीच सांगते. पण एवढं मागितल्यावर मुलं टिकत नाहीत, हा दावा मात्र इथे उरत नाही.

रमवणाऱ्या सभेत एक माणूस कायम बाहेर राहतो: दुःखी मूल. नववीतली मुलगी विचारते, ‘शास्ते’ पुस्तकात इफ्ताहाने नवसापायी स्वतःच्या मुलीचं काय केलं, आणि देवाने ते का थांबवलं नाही? किंवा दहावीतला मुलगा विचारतो, बाबांसाठी सगळ्या मंडळीने प्रार्थना केली, तरी बाबा का गेले? पुढारी तरुणाकडे उत्तर नसतं. तो म्हणतो, ‘यावर आपण प्रार्थना करू’, आणि गिटारवाल्याला खूण करतो. पुढचं गाणं सुरू होतं, टाळ्यांचं. त्या मुलाला त्या क्षणी कळतं की या खोलीत आनंदी चेहऱ्यानेच बसायचं असतं. खरं तर त्याच्या हातातल्या बायबलमध्येच ईयोबाचं अख्खं पुस्तक आहे. स्तोत्रसंहितेत अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र आहे; ते देवाकडे गाऱ्हाणं घालत सुरू होतं आणि कसलाही दिलासा न मिळता अंधारातच संपतं. ज्यांनी ते पवित्र शास्त्रात राहू दिलं, त्यांचा माणसाच्या दुःखावर आपल्यापेक्षा जास्त विश्वास होता. ते स्तोत्र त्या मुलासोबत बसून सावकाश वाचायला अर्धा तास लागेल, आणि त्या अर्ध्या तासात कुणी हसणार नाही. तो अर्धा तास त्याला द्यायलाच हवा.

शास्त्राचा आधार या बाबतीत संदिग्ध नाही. बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरात सापडला तो शास्त्र्यांच्या मध्ये बसून ऐकताना आणि प्रश्न विचारताना. पुढे त्याच्याकडे एक श्रीमंत तरुण आला. मार्क सांगतो की येशूने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच्यावर प्रेम केलं. त्या प्रेमापोटी त्याने त्याच्याकडे सगळ्यांत अवघड गोष्ट मागितली: सर्व विकून गरिबांना दे. तरुण खिन्न होऊन निघून गेला. येशू त्याच्यामागे धावला नाही, अट सैल केली नाही. उपस्थितीच्या हिशेबाने ही भेट अपयशी ठरते. पण तो तरुण निदान काय नाकारून गेला, हे त्याला माहीत होतं. आपल्या सभेतून निघून जाणाऱ्या मुलांना तेवढंही माहीत नसतं.

आणि महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसाने तर हा धडा परदेशातून शिकायची गरजच नाही. केडगावचं मुक्ती मिशन आठवा. 1896-97 च्या दुष्काळात आणि पुन्हा 1900 च्या सुमारास पंडिता रमाबाईंनी उपाशी, अनाथ, टाकलेल्या मुली शेकड्यांनी आणल्या. त्यांतल्या कित्येक आजच्या हिशेबाने शाळकरी वयाच्या. ज्यांचं सगळं हरपलं होतं, अशा मुलींचं मन रमवणं हेच काम आहे, असं कुणी म्हटलं असतं तर त्याला दोष देता आला नसता. रमाबाईंनी तसं केलं नाही. त्यांनी मुलींना वाचायला शिकवलं आणि शेतीला, मागाला, छापखान्याला लावलं. अंध मुलींना ब्रेल शिकवलं. जानेवारी 1905 मध्ये त्यांनी रोज प्रार्थनेला बसायला कोण तयार आहे, असं विचारलं तेव्हा सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत साडेपाचशे जणी दिवसातून दोनदा जमू लागल्या. नंतर त्यांचे गट आसपासच्या गावांत जाऊ लागले. त्या काळातल्या मोठमोठ्याने रडण्या-प्रार्थना करण्यावर तेव्हाही वाद झाले. त्याची नक्कल करा असं मी म्हणत नाही. मला महत्त्वाचा वाटतो तो छापखाना. रमाबाई हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबलचा अनुवाद करत होत्या, आणि त्याचे खिळे जुळवणं, छापणं, बांधणी करणं हे काम मुक्तीतल्या मुली-बायांच्या हाती होतं. एकेक अक्षर उलटं वाचून ओळीत बसवायचं, ओळ चुकली तर मोडून पुन्हा जुळवायची. 1922 मध्ये रमाबाई गेल्या. 1924 मध्ये ते बायबल छापून पुरं झालं. दुष्काळातून उचललेल्या मुलींच्या हाती देवाचं वचन छापायला देणारी ही बाई त्यांना ‘बिचाऱ्या’ समजत नव्हती.

आजचं उदाहरण हवं असेल तर फ्रान्समधलं तेझे पाहा. 1940 मध्ये ब्रदर रॉजर यांनी त्या लहानशा खेड्यात मठ-समुदाय सुरू केला. उन्हाळ्यात तिथे आठवड्याला हजारो तरुण येतात. पंधरा-सोळा वर्षांचेही असतात. दिवसातून तीनदा प्रार्थना, जमिनीवर बसून. एकच ओळ पुन्हा पुन्हा गायची, आणि मध्यावर कित्येक मिनिटं पूर्ण शांतता. जेवण साधं, खायला फक्त चमचा, चहा वाडग्यातून. भांडी घासणं, संडास धुणं ही कामं आलेल्या मुलांचीच. रोज शास्त्रपाठ, मग वेगवेगळ्या देशांच्या मुलांच्या गटात चर्चा. मोबाइलच्या युगातही ही मुलं तंबूत झोपायला येतात, आणि पुन्हा येतात.

एक आक्षेप मात्र जड आहे, आणि तो माझ्या बाजूवर येतो. मुलांना आव्हान देण्याच्या नावाखाली त्यांच्यावर अपराधीपणा लादला जातो, हे खरं आहे. अ‍ॅलेक्स आणि ब्रेट हॅरिस या जुळ्या भावांनी विशीच्या आतबाहेर असताना, 2008 मध्ये, किशोरांनी अवघड कामं अंगावर घ्यावीत असं सांगणारं गाजलेलं पुस्तक लिहिलं. त्यांचेच थोरले भाऊ जोशुआ यांनी 1997 मध्ये, ऐन विशीत, मुलामुलींनी डेटिंग सोडावं असं सांगणारं पुस्तक लिहिलं होतं. एक पिढी त्या नियमांखाली वाढली, अनेकांना त्याने जखमा केल्या. 2018 मध्ये जोशुआ यांनी माफी मागून ते पुस्तक छापणं थांबवायला लावलं, आणि पुढच्या वर्षी आपण ख्रिस्ती उरलो नसल्याचं सांगितलं. एका घरातल्या या दोन पुस्तकांमधलं अंतर लक्षात ठेवण्यासारखं आहे. कडक नियम म्हणजे आव्हान नव्हे. नियम मुलाला म्हणतो, चुकू नकोस. जबाबदारी म्हणते, हे काम तुझ्यावाचून अडलं आहे. आणि जिथे प्रश्न विचारायची मुभा नाही, तिथे कितीही अवघड साधना लावली तरी ती भीतीच शिकवते.

परीक्षेच्या ताणाबद्दलही तेच. दहावीचा मुलगा थकलेला आहे हे कबूल, पण तो ज्याने थकला आहे ते सगळं त्याच्या स्वतःच्या गुणांसाठी आहे. आजारी आजोबांना आठवड्यातून एकदा वर्तमानपत्र वाचून दाखवायला त्याला पाठवा. हा ताण त्याच जातीचा नाही.

तेव्हा पाळकसाहेब, फादर, संडे स्कूलच्या ताई आणि आईवडील, तुम्हा सर्वांना विनंती आहे. गिटार ठेवा, खाऊही ठेवा. पण रविवारचं शास्त्रवाचन चौदा वर्षांच्या मुलीला आठवडाभर आधी द्या, आणि त्या उताऱ्यातलं तिला काय पटलं नाही तेही विचारा. दृढीकरणाच्या वर्गात पाठांतराच्या जोडीला एक ईयोब पूर्ण वाचून घ्या. अर्पण मोजताना दोन मुलांना शेजारी बसवा, पैसा कुठे जातो ते त्यांना दाखवा. कुणी सोडून गेला तर त्याच्या घरी जा, पण त्याला परत आणण्यासाठी मागणी कमी करू नका. आणि कमिटीच्या पुढच्या बैठकीत तरुण संघाचा विषय निघेल, तेव्हा दोन तरुणांना तिथे बसवा आणि त्यांना मत द्यायचा अधिकार द्या.