चाइल्ड सीट घ्यायची? आधी गाडीचा मागचा पट्टा बघा

वणी : लेकराला मांडीवर घेऊन पुढे बसायचं, ही आपल्याकडची जुनीच सवय. वणी-घुग्घुस रस्त्यावर कोळशाच्या ट्रकमागून जाताना ती महागात पडू शकते. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४-ब आलं. १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याने किंवा चाइल्ड सीटने बांधलेलं नसेल, तर १ हजार रुपये दंड आहे.

खरी अडचण सीट बसवताना येते. ती एकतर खांद्यावरून येणाऱ्या पट्ट्याने बसते, नाहीतर सीटच्या फटीतल्या लोखंडी कड्यांना, म्हणजे आयसोफिक्सला. जुन्या गाड्यांत हे कडे नसतात. मागे मधल्या जागेवर नुसता कमरेचा पट्टा असेल, तर बहुतेक चाइल्ड सीट तिथे चालत नाहीत. काही बोलेरोंत शेवटी समोरासमोर बाकं असतात. तिथे सीट बसवूच नका, मधली रांग घ्या.

रेक्झिनचं कव्हर हीही एक डोकेदुखी. बकल आणि कडे त्याखाली दबतात. कव्हरवाल्याकडून तेवढी जागा कापून घ्या.

बसवल्यावर पट्टा जातो तिथे सीट धरून हलवा. इंचापेक्षा जास्त सरकली, तर पक्की नाही. मागे तोंड असलेली सीट एअरबॅगसमोर कधीच ठेवायची नाही. एअरबॅग फुगली की दणका थेट लेकराच्या डोक्यामागे बसतो.

नागपूर-चंद्रपूरला सीट घ्यायला जाताना गाडी सोबत न्या, दुकानासमोरच बसवून बघा. ऑनलाइन मागवत असाल, तर परत घेतात का ते आधी वाचा.