मोठे शहर कोणते?

१९२५ चा नाताळ असता तर प्रश्नच उद्भवला नसता. २०२५ चा होता म्हणून उद्भवला. मध्यरात्रीची मिस्सा आटोपून आम्ही घरी परतलो, करंज्यांचे ताट मधोमध आले आणि मुलांनी ठराव मांडला की, येत्या मे महिन्याच्या सुट्टीत सर्वांनी मिळून मोठे शहर पाहावयास जायचे. कोणते, हे सांगण्याची त्यांना गरज वाटली नाही. वहीचे पान उघडले गेले आणि त्यावर गेटवे, राणीचा बाग, घारापुरीची लेणी, बांद्र्याची माउंट मेरी, चौपाटी अशी नावे भराभर उतरली. आमच्या मातोश्री कोपऱ्यात शाल पांघरून बसल्या होत्या. त्यांनी वय वर्षे अठ्ठ्याऐंशीच्या अधिकाराने एकच वाक्य उच्चारले, "मोठं शहर म्हणजे हैदराबाद. मुंबई तर परमुलखात."

मुले हसली. आम्हीही हसलो, आणि मग गप्प झालो. कारण त्या चुकत नव्हत्या. त्यांच्या लहानपणी मुंबई खरोखरच परमुलखात होती.

बीड जिल्हा हा निजामाच्या राज्याचा पश्चिम काठ. आष्टी तालुका ओलांडला की नगर जिल्हा, म्हणजे इंग्रजांचा मुलूख. आज त्या हद्दीवर एखादी पाटी दिसली तर दिसते. त्या काळी तेथे निजामी राज्याची जकात वसूल होई. तिला करोडगिरी म्हणत. नाणेही निराळे होते. निजामाचा रुपया हाली शिक्क्याचा, इंग्रजांचा कलदार; आणि सात हाली रुपये दिले तर साधारण सहा कलदार हाती पडत. नगरच्या बाजाराला जाणाऱ्या शेतकऱ्याला एका दिवसात दोन सरकारे आणि दोन रुपये सांभाळावे लागत. शाळेतील उच्च शिक्षणाची भाषा उर्दू, कचेरीतील कागद उर्दू, आणि कागदाचा शेवटचा निकाल लागावयाचा तो हैदराबादेस. अंबाजोगाईचे सरकारी नावदेखील तेव्हा मोमिनाबाद होते.

रेल्वेचे रूळ ज्या दिशेला वळतात त्याच दिशेला माणसांची मने वळतात असे आम्हांस नेहमी वाटत आले आहे. निजामाच्या रेल्वेने परळी वैजनाथ गाठले ते पूर्वेकडून. एक फाटा विकाराबाद, बिदरवरून, दुसरा परभणीवरून. आणि दोन्ही अखेर हैदराबादकडेच नेणारे. रस्त्यावरची मोटारसुद्धा रेल्वेखात्याचीच होती. १९३२ साली निजामाच्या रेल्वेने सत्तावीस गाड्यांनिशी प्रवासी मोटारींचा आरंभ केला. परळीचा माणूस गाडीत बसून आपल्या राजधानीला जाऊ शकत होता. बीडच्या माणसाला पश्चिमेकडे जावयाचे तर बैलगाडी, मोटार आणि पुढे नगरचे रेल्वे स्थानक, असा तीन टप्प्यांचा खटाटोप असे.

मातोश्रींनी हैदराबाद पाहिले ते आठ-नऊ वर्षांच्या असताना, आपल्या वडिलांचे बोट धरून. वडील तेथे गेले होते ते जमिनीच्या एका कागदासाठी. कागद मिळाला की नाही ते त्यांना आठवत नाही. आठवतो तो चारमिनार. मुहंमद कुली कुतुबशहाने १५९१ साली उभारलेली ती वास्तू त्यांच्या लेखी जगातील सर्वांत उंच वस्तू होती, कारण तोवर त्यांनी परळीच्या देवळाच्या शिखराहून उंच काही पाहिलेच नव्हते. दुसरी आठवण बांगड्यांची. चारमिनारजवळच्या लाड बाजारात वडिलांनी त्यांना लाखेच्या बांगड्या घेऊन दिल्या आणि परतीच्या गाडीत त्यांतील दोन फुटल्या. ऐंशी वर्षे लोटली, तरी त्या दोन बांगड्यांचा उल्लेख आजही होतो.

नंतर १९४८ उजाडले. येथे एक योगायोग सांगावासा वाटतो. त्या वर्षीच्या सप्टेंबरच्या ८ तारखेला, बुधवारी, मुंबईत माहीमच्या संत मायकल मंदिरात निरंतर साहाय्य मातेच्या नोव्हेनाचा आरंभ झाला. तेथील भाविक आपल्या पहिल्याच नोव्हेनाची प्रार्थना करीत होते, तेव्हा इकडे आमच्या मुलखात रझाकारांची दहशत होती. १३ तारखेला भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. हा मुक्तीचा दिवस होता यात शंका नाही. स्वामी रामानंद तीर्थांनी तर अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेतून त्याची पायाभरणी केली होती. परंतु त्या दिवसानंतर मराठवाड्याच्या काही भागांत निरपराध मुसलमान कुटुंबांवर जे गुदरले, त्याचीही नोंद सुंदरलाल समितीने करून ठेवली आहे. उस्मानाबाद आणि नांदेड हे जिल्हे त्यात अग्रभागी होते. ज्या घरांनी दोन्ही बाजूंची भीती पाहिली, त्या घरांतून हैदराबादचे नाव हळूहळू कमी घेतले जाऊ लागले. आमच्या आजोबांनी त्यानंतर हैदराबादची वाट धरली नाही. का, ते त्यांनी कधी सांगितले नाही, आणि आम्हीही वेळेवर विचारले नाही.

सरकारदरबारी दिशा बदलली ती १ नोव्हेंबर १९५६ रोजी. हैदराबाद राज्य विभागले गेले आणि मराठवाड्याचे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. एका पिढीच्या आत बीडच्या माणसाची राजधानी पूर्वेकडून पश्चिमेकडे गेली. रूळ मात्र होते तेथेच राहिले. एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे ते नगर धावली होती, म्हणजे आमच्या दारापर्यंत. पुढे तिनेच आम्हांला मुंबई दाखविली. नगरहून माळशेज घाट उतरून कल्याण, किंवा पुण्यावरून. कसेही गेले तरी चारशे किलोमीटरच्या आसपास. रात्री बसावे, पहाटे अंग आंबून उतरावे. नगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा लोहमार्ग १९९५ च्या सुमारास मंजूर झाला. आष्टीपर्यंतची गाडी २०२२ मध्ये सुरू झाली. बीडला गाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मुक्तिदिनीच; आणि तेव्हाही परळीपर्यंतचा टप्पा बाकीच होता.

धर्माच्या बाबतीत मात्र आम्ही ना हैदराबादचे राहिलो, ना मुंबईचे झालो. १७ डिसेंबर १९७७ रोजी पोप सहावे पॉल यांनी औरंगाबाद हा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन केला आणि बीड त्यात आले. हेच पोपमहाशय १९६४ च्या डिसेंबरात आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषदेसाठी मुंबईस आले होते. ओव्हल मैदान मुलांच्या वहीत नव्हते. ते आम्ही घातले. तेथे पाहण्यासारखे काही नाही, क्रिकेट खेळणारी पोरे तेवढी आहेत, हे ठाऊक असूनही घातले.

आता तारखेचा प्रश्न. शहरातील कुटुंबे नाताळात किंवा दिवाळीत सहलीला निघतात. आमच्याकडे ते जमत नाही. या नाताळातही मंदिरातील कितीतरी बाके रिकामी होती, कारण दसरा-दिवाळीनंतर गावचे गाव ऊसतोडीला जाते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत सांगली, कोल्हापूर नाहीतर कर्नाटकातील एखाद्या कारखान्याच्या फडात राहावयाचे. आमचे धाकटे चुलत बंधू व त्यांच्या सौभाग्यवती असेच गेले आहेत. त्यांची दोन लेकरे या वर्षी आमच्याकडे शिकावयास राहिली आहेत. त्या लेकरांनी आमच्या मुलांपेक्षा कितीतरी अधिक महाराष्ट्र पाहिला आहे. पण तो सारा उसाच्या पाचटाच्या कोपीतून. कृष्णा नदी पाहिली, ती पाणी भरण्यासाठी. पाहण्यासाठी म्हणून कोठे गेलात का, असे विचारले तेव्हा मोठ्याला प्रश्नच कळला नाही. जरा वेळाने तो म्हणाला, "नुसतं बघायला? मग तिथं काम काय?"

आम्ही त्याला उत्तर दिले नाही. बीडहून आजवर जे निघाले ते कागदासाठी, कोयत्यासाठी, १९७२ च्या दुष्काळात पोटासाठी, फार तर देवासाठी निघाले. नुसते पाहावयास निघणारी आमच्या घरातील ही पहिलीच खेप, आणि तीत हा मुलगा व त्याचे आईवडील नसतील तर तिला कुटुंबाची सहल म्हणता येणार नाही, असे आमचे ठाम मत पडले. कारखाने एप्रिलपर्यंत बंद होतात. हिशेब चुकता व्हावयास थोडे दिवस लागतात. म्हणून मे महिन्याचा दुसरा आठवडा ठरला. बीडहून अहिल्यानगर, तेथे गाडी बदलून मुंबई. मुक्काम चार दिवसांचा, आणि त्यांत एक बुधवार यावाच, म्हणजे माहीमची नोव्हेना साधेल, ही सौभाग्यवतींची अट मान्य झाली. घारापुरीची होडी खर्चाच्या कारणाने वगळली होती. मुलांनी ती पुन्हा घातली.

मातोश्रींना मुंबईचा प्रवास झेपेल का, याबद्दल डॉक्टर साशंक आहेत. त्या स्वतः साशंक नाहीत. त्यांना फक्त दिशा पसंत नाही. परवा त्यांनी नातवाला जवळ बोलावून विचारले की, त्या मुंबईत लाखेच्या बांगड्या मिळतात का. मिळतील, असे तो म्हणाला. "तिथल्या नकोत," असे त्यांचे उत्तर आले. परळीहून सिकंदराबादेस जाणारी गाडी किती वाजता सुटते, याची चौकशी आम्ही करून ठेवली आहे. ती रात्रीची निघाली तर खालचा बर्थ मिळवावा लागेल.