पिवळी पुस्तकं, काळे हातमोजे

मराठीत ‘पिवळी पुस्तकं’ म्हटलं की कुठली, हे मी सांगायला नको. इटलीत मात्र दुकानात शिरून पिवळी पुस्तकं मागितलीत, तर दुकानदार तुम्हाला सरळ ॲगाथा ख्रिस्तीच्या कपाटापाशी नेऊन उभं करेल. इटालियनमध्ये ‘जाल्लो’ म्हणजे पिवळा, आणि जाल्लो म्हणजेच रहस्यकथा. (देवनागरीत हा शब्द नीट लिहिता येतो, ल ला ल जोडला की झालं. रोमन लिपीत वाचणारे त्याचं ‘जियालो’ करतात.)

यामागचं कारण अगदी व्यापारी आहे. १९२९ साली मिलानच्या मोंदादोरी या प्रकाशनसंस्थेने परदेशी रहस्यकादंबऱ्यांच्या भाषांतरांची मालिका काढली आणि तिला भडक पिवळी मुखपृष्ठं दिली. पहिलं पुस्तक एस. एस. व्हॅन डाइन या अमेरिकन लेखकाचं होतं. मागोमाग एडगर वॉलेस आला, ख्रिस्ती आली. लोकांच्या लक्षात राहिला तो रंग. मुसोलिनीच्या राजवटीला ही पुस्तकं खुपत होती. नव्या, शिस्तशीर इटलीत खून पडतात आणि पोलीस चाचपडतात, हे छापायचंच कशाला? १९४१ साली मालिका बंद पडली. आउगुस्तो दे आंजेलिस हा तेव्हाच्या मोजक्या चांगल्या इटालियन रहस्यलेखकांपैकी एक. फॅसिस्टविरोधी म्हणून त्याला अटक झाली आणि १९४४ मध्ये एका फॅसिस्टाने केलेल्या मारहाणीनंतर तो मरण पावला. युद्धानंतर मालिका पुन्हा सुरू झाली, पण रहस्यकथा म्हणजे बाहेरून आलेला माल, ही ओळख तिला चिकटली ती चिकटलीच.

आता सिनेमाकडे येऊ. इटलीत आजही कुठल्याही रहस्यकथेला जाल्लो म्हणतात. बाहेरच्या जगात मात्र या शब्दाचा अर्थ आक्रसला आहे. साधारण १९६३ ते १९८२ या काळात इटलीत निघालेले, काळ्या हातमोज्यातल्या खुन्याचे, लखलखत्या सुऱ्यांचे, सुंदर घरांचे आणि त्याहून सुंदर बायकांचे चित्रपट म्हणजे जाल्लो. तुम्ही ते पाहिले नसतील तर आधी त्यांची तारीफ करते, तक्रार नंतर.

सुरुवात मारिओ बावाच्या ‘द गर्ल हू न्यू टू मच’ (१९६३) पासून मानतात. नायिका अमेरिकन तरुणी आहे, रोमला येणाऱ्या विमानात ती जाल्लोच वाचत बसलेली असते, आणि उतरल्या रात्रीच तिच्या डोळ्यांदेखत एका बाईचा खून होतो. तिच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. पुढच्या पन्नासेक चित्रपटांचा साचा इथेच तयार झाला. बावा मूळचा छायालेखक. पुढच्याच वर्षी त्याने ‘ब्लड अँड ब्लॅक लेस’ रंगीत केला आणि हातात फारसे पैसे नसताना लाल, हिरव्या, जांभळ्या दिव्यांनी एक फॅशन हाऊस असं पेटवलं की आजचे छायालेखकही थांबून बघतील.

मग १९७० मध्ये दारिओ आर्जेंतो आला. वय एकोणतीस, आधी वृत्तपत्रात चित्रपट समीक्षक. त्याच्या ‘द बर्ड विथ द क्रिस्टल प्लुमेज’मधला सॅम हा रोममध्ये राहणारा अमेरिकन लेखक. परतीचं तिकीट काढून ठेवलेलं. रात्री रस्त्याने जाताना एका कलादालनात त्याला झटापट दिसते, तो धावतो आणि दोन काचेच्या दारांच्या मध्ये अडकतो. पलीकडे बाई रक्तबंबाळ होऊन पडली आहे, अलीकडे रस्ता, आवाज कुठेच पोचत नाही. पोलीस येतात आणि त्याचा पासपोर्ट काढून घेतात. आता खुनी सापडेपर्यंत तू इथेच. परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना या प्रसंगात जो गारठा जाणवतो, तो सुऱ्याचा नाही. कागदपत्रं दुसऱ्याच्या खणात आणि सगळा प्रसंग आपल्याला अर्धवट समजणाऱ्या भाषेत.

सॅमने जे पाहिलं ते सगळं खरं आहे. त्याचा अर्थ मात्र त्याने चुकीचा लावला आहे. आर्जेंतोचा हा लाडका डाव. ‘डीप रेड’ (१९७५) मध्ये तो कळसाला जातो. डेव्हिड हेमिंग्ज या इंग्रज पियानोवादकाच्या भूमिकेत आहे. खून झालेल्या घरात शिरताना तो चित्रांनी भरलेल्या बोळातून जातो आणि नंतर त्याला वाटत राहतं की तिथलं एक चित्र गायब झालंय. काय गायब झालं ते सांगत नाही, पण एवढं सांगते: उत्तर त्या क्षणी पडद्यावर असतं. तुमच्याही समोर. आणि तुम्हालाही दिसत नाही. मी दुसऱ्यांदा बघताना तो क्षण आला तेव्हा चक्क मागे नेऊन तपासला. प्रेक्षकाला न फसवता फसवणं याला म्हणतात.

पोलिसांवर विसंबता येत नाही, हे या चित्रपटांत गृहीतच असतं. त्याला काळाचीही साथ होती. १२ डिसेंबर १९६९ रोजी मिलानच्या प्याझ्झा फोंताना चौकातल्या बँकेत स्फोट होऊन सतरा माणसं गेली. तपासात पकडलेला पिनेल्ली नावाचा अराज्यवादी रेल्वे कामगार तीनच दिवसांनी पोलीस मुख्यालयाच्या खिडकीतून पडून मेला. आर्जेंतोचा पहिला चित्रपट त्यानंतर दोनेक महिन्यांनी लागला. आपणच शोध घेतला पाहिजे असं मानणारा नायक तेव्हाच्या प्रेक्षकाला फार लांबचा वाटला नसेल.

संगीताबद्दल एकच सांगते. एन्नियो मोरिकोने. अंगाईसारखी चाल, त्यावर शब्दांशिवाय गाणारा बाईचा आवाज, आणि पडद्यावर सुरा. चित्रपट विसरलात तरी ती चाल आठवडाभर डोक्यात राहते.

आता उणिवा. नेहमीच्या तक्रारी तुम्ही स्वतःच कराल. कथानकाला शेंडाबुडखा नसतो. खुनी तोच का, याचं उत्तर शेवटच्या पाच मिनिटांत कुणीतरी मानसतज्ज्ञ येऊन पाठ म्हटल्यासारखं सांगतो. इटली, स्पेन, जर्मनी अशा तीन देशांच्या पैशातून चित्रपट बनायचे, नटमंडळी आपापल्या भाषेत बोलायची आणि आवाज मागाहून चढवले जायचे, त्यामुळे ओठ एकीकडे, शब्द दुसरीकडे. आर्जेंतोचा पहिला चित्रपट चालल्यावर प्रत्येक नावात एक प्राणी घुसला: पाल, विंचू, इग्वाना, टॅरँट्युला. विज्ञान तर विचारूच नका. ‘फोर फ्लाइज ऑन ग्रे व्हेल्व्हेट’मध्ये (१९७१) मृताच्या डोळ्याच्या पडद्यावर शेवटचं दृश्य छापलेलं राहतं. त्याच वर्षीच्या ‘द कॅट ओ नाइन टेल्स’मध्ये जास्तीचं वाय गुणसूत्र असलेले पुरुष जन्मजात गुन्हेगार ठरतात. मी जनुकशास्त्रात काम करते, तेव्हा इथे थोडं थांबते. ही कल्पना आर्जेंतोच्या डोक्यातून आलेली नव्हती. १९६५ साली स्कॉटलंडमधल्या एका सुरक्षा-रुग्णालयातल्या पुरुषांवरचा अभ्यास ‘नेचर’मध्ये आला आणि वृत्तपत्रांनी त्याचं ‘गुन्हेगारी गुणसूत्र’ करून टाकलं. साधारण हजारात एका मुलग्याला ते जास्तीचं वाय असतं, आणि त्यातले बहुतेक जण कुणाच्या नजरेतही न येता साधं आयुष्य जगतात. चित्रपटाने त्या वेळची अफवा जशीच्या तशी टिपली, इतकंच.

यातल्या कशाचाच मला फार राग येत नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या काळापहाडावर वाढलेल्या घरात कथानकाच्या काटेकोरपणाचा हट्ट धरला जात नाही. माझी अडचण वेगळी आहे.

‘ब्लड अँड ब्लॅक लेस’च्या श्रेयनामावलीत नटनट्या कापडी-लाकडी पुतळ्यांशेजारी पुतळ्यासारख्याच उभ्या असतात. दिवे दोघांवर सारखेच. पुढे एकेक मॉडेल मरते, आणि प्रत्येक मरण नव्या रंगात सजवलेलं असतं. ती बाई कशी मेली हे आपल्याला बारीकसारीक ठाऊक होतं. ती कोण होती हे फार तर एका वाक्यात. लुचो फुल्चीच्या ‘अ लिझर्ड इन अ वूमन्स स्किन’ (१९७१) ची एक हकीकत प्रसिद्ध आहे. त्यात पोट फाडलेल्या कुत्र्यांचं एक दृश्य आहे. ते इतकं खरं वाटलं की फुल्चीवर प्राण्यांच्या छळाचा खटला झाला आणि कार्लो राम्बाल्दीला (पुढे स्पीलबर्गचा ‘ई. टी.’ घडवणारा तोच) ती बनावट कुत्री न्यायालयात नेऊन दाखवावी लागली. या सगळ्या चित्रपटांतल्या बायकांची प्रेतं बनावट आहेत, हे मात्र कुणाला सिद्ध करावं लागलं नाही.

आणि हे सगळं कोणत्या देशात चाललं होतं? इटलीचा दंडसंहितेचा ग्रंथ १९३०चा, म्हणजे मुसोलिनीच्याच काळातला. त्यात कलम ५८७ होतं: बायको, मुलगी किंवा बहीण हिचे अनैतिक संबंध उघड झाल्याच्या संतापात, घराण्याच्या अब्रूसाठी जो तिचा खून करील, त्याला तीन ते सात वर्षं. साध्या खुनाला किमान एकवीस. कागदावरचे खून ज्या राजवटीला सोसत नव्हते, तिने खऱ्या खुनावर अशी सूट देऊन ठेवली होती. हे कलम राजवटीबरोबर गेलं नाही. पिएत्रो जेर्मीने १९६१ मध्ये ‘डिव्होर्स इटालियन स्टाइल’ हा त्यावर बेतलेला विनोदी चित्रपट काढला. घटस्फोट मिळत नाही म्हणून मास्त्रोयान्नी बायकोला परपुरुषाच्या गळ्यात बांधायला निघतो, म्हणजे मग स्वस्तात मारता येईल. लोक पोट धरून हसले. कलम तसंच राहिलं. १९६५ अखेरीस सिसिलीत सतरा वर्षांच्या फ्रांका व्हिओलाला पळवून नेऊन तिच्यावर बलात्कार झाला. तिने त्या माणसाशी लग्न करायला नकार दिला आणि खटला उभा राहिला. लग्न केलं की गुन्हा पुसला जाई, अशीही तरतूद तेव्हा होती. घटस्फोटाचा कायदा १९७० मध्ये आला, १९७४च्या सार्वमतात टिकला. गर्भपात १९७८ मध्ये कायदेशीर झाला. कलम ५८७ रद्द झालं १९८१ मध्ये.

ही वर्षं जाल्लोच्या वर्षांशेजारी ठेवून पाहा. या चित्रपटांतल्या बायका एकट्या फ्लॅटमध्ये राहतात, स्वतः कमावतात, गाडी चालवतात, नवऱ्याला सोडतात, प्रियकर निवडतात. बहुसंख्य इटालियन बायकांना जे अजून मिळायचं होतं ते त्यांच्याकडे पडद्यावर आधीच होतं, आणि त्या दार उघडून आत आल्या की पडद्यामागे हातमोजा हलायचा. दिग्दर्शकांनी हा धडा ठरवून दिला असं मी म्हणणार नाही. ते तिकिटं विकत होते. पण काय विकलं जातंय हे त्यांना अचूक कळत होतं.

तरीही सगळ्यांना एकाच मापाने मोजता येत नाही. सेर्जो मार्तिनोच्या ‘द स्ट्रेंज व्हाइस ऑफ मिसेस वॉर्ड’मध्ये (१९७१) एद्विज फेनेकच्या भोवती नवरा, जुना प्रियकर आणि नवा प्रियकर असे तीन पुरुष आहेत, आणि तिची भीती खुळी नाही हे चित्रपट कधीच विसरत नाही. मास्सिमो दाल्लामानोच्या ‘व्हॉट हॅव यू डन टु सोलांज?’च्या (१९७२) मुळाशी एका शाळकरी मुलीचा चोरून केलेला गर्भपात आहे. गोष्ट लंडनमधल्या कॅथलिक शाळेत घडते. इंग्लंडमध्ये तोवर गर्भपात कायदेशीर झाला होता. गुन्हा होता तो इटलीत. घरचं दुःख परगावच्या पत्त्यावर पाठवून मगच ते उघडायचं धाडस झालं असावं, असा माझा तर्क.

आणि फुल्चीचाच ‘डोन्ट टॉर्चर अ डकलिंग’ (१९७२). इथे ना फॅशन हाऊस, ना रोम. दक्षिणेतलं डोंगरी खेडं, मुलांचे खून, आणि गावाने चेटकीण ठरवलेली एक बाई. फ्लोरिंदा बोल्कानने ती केली आहे. पोलीस तिला निर्दोष म्हणून सोडतात. गावातले बाप तिला स्मशानात गाठून साखळ्यांनी मारतात. शेजारी रेडिओवर प्रेमगीत चालू. ती सरपटत वर हमरस्त्याच्या कडेला येते. सुट्टीवर निघालेल्या कुटुंबांच्या गाड्या जातात, कुणी थांबत नाही. हा प्रसंग बघवत नाही, आणि तो बघवू नये असाच घेतला आहे. बावाचे दिवे इथे कुठेच नाहीत.

आर्जेंतोला हा प्रश्न शेवटी पडद्यावरच विचारला गेला. ‘टेनेब्री’ (१९८२) मध्ये एक अमेरिकन रहस्यलेखक रोमला येतो आणि एक पत्रकार बाई त्याला भर पत्रकार परिषदेत सुनावते की तुझं पुस्तक बायकांचा द्वेष करतं. तो हसून टाळतो. ती पत्रकार थोड्याच वेळात मारली जाते, तीही फार देखण्या पद्धतीने: क्रेनवरचा कॅमेरा तिच्या घराच्या बाहेरून, छपरावरून सरकत जातो, दोन मिनिटांहून जास्त. प्रश्न चोख होता हे आर्जेंतोला मान्य असावं. उत्तर मात्र त्याला त्या कॅमेऱ्यापलीकडे सुचलं नाही.

बघायची सुरुवात करणार असाल तर ‘डीप रेड’पासून करा, पण आवृत्ती तपासून घ्या. त्यात दारिया निकोलोदी पत्रकार जान्ना झाली आहे. बायका दुबळ्या असतात असं हेमिंग्ज म्हणतो तेव्हा ती टेबलावर कोपर टेकवते आणि पंजा लढवून त्याला हरवते. तिच्या मोडक्या गाडीत तो खाली दबून बसलेला असतो, ती वर. चित्रपट परदेशी पाठवताना वीसेक मिनिटं कापली गेली, आणि त्यातला बराचसा भाग या दोघांच्या प्रसंगांचा होता. दोन तासांहून मोठी इटालियन आवृत्ती मिळते. तीच घ्या.