घराण्याचा मागोवा : वंशावळ शोधावी कशी?

शहरात तिसरी-चौथी पिढी वाढत असलेल्या बहुतांश कुटुंबांत पणजोबांच्या पलीकडचे नाव कोणालाच सांगता येत नाही. वंशावळीची निकड अनेकदा जात पडताळणीच्या वेळीच जाणवते. राज्यात अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, तर इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ हे मानीव दिनांक आहेत. त्यापूर्वीच्या नोंदींना पडताळणीत विशेष महत्त्व असते.

आरंभ घरापासून

शोधाची सुरुवात वर्तमानातून भूतकाळाकडे करावी. वयोवृद्ध नातलगांकडून नावे, मूळ गाव, कुलदैवत व सोयरिकी लिहून घ्याव्यात. लग्नपत्रिका, खरेदीखते व शाळेचे दाखले तपासावेत. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याच्या प्रथेमुळे दोन पिढ्यांची गल्लत होते. म्हणून प्रत्येक नावापुढे वडिलांचे नाव व वर्ष नोंदवावे. पाटील, कुलकर्णी, देशमुख ही वतनावरून आलेली आडनावे आहेत. केवळ आडनाव सारखे म्हणून घराणे एक ठरत नाही.

सरकारी दप्तर

जुने सातबारा उतारे व फेरफार नोंदींत वारसांची नावे सापडतात. जन्म-मृत्यूच्या नोंदींसाठी गाव नमुना १४, अर्थात कोतवाल बुक, पाहावे. त्यात अनेकदा जातीचाही उल्लेख आढळतो. या नोंदींच्या नकला तहसील कार्यालयातून मिळतात. प्राथमिक शाळेचे जनरल रजिस्टरही उपयुक्त ठरते. न्या. संदीप शिंदे समितीने २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध घेतला, तोही अशाच कागदपत्रांतून.

वतनदार घराण्यांचे कागद पुणे पुराभिलेखागारातील पेशवे दप्तरात असण्याची शक्यता असते. मुंबई व कोल्हापूर येथेही पुराभिलेखागारे आहेत. १९१० मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाचा संग्रहही मोठा आहे.

मोडी आणि कालगणना

जुने कागद प्रामुख्याने मोडी लिपीत असल्याने जाणकाराची मदत घ्यावी. पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्गही वेळोवेळी भरवते. शके असल्यास ७८ मिळवून इसवी सन काढावा. फसलीत ५९० किंवा ५९१, तर शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात.

तीर्थक्षेत्रांच्या वह्या

नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंची नावे गाव व घराण्यानुसार लिहिलेली असतात. घराण्याचे उपाध्ये कोण, हे ठाऊक असल्यास पूर्वजांची नोंद मिळू शकते. काही घराण्यांनी कुलवृत्तान्तही छापले आहेत. मात्र त्यांतील पहिल्या काही पिढ्या पुष्कळदा ऐकीव माहितीवर आधारलेल्या असतात. मूळ कागदाशी ताडून पाहिल्याशिवाय त्या ग्राह्य धरू नयेत.

स्त्रियांची नोंद

परंपरागत वंशावळीत पुरुषांचीच नावे असतात. विवाहानंतर नाव बदलल्याने मुलींचा माग तेथेच तुटतो. त्यामुळे आजी-पणजीचे माहेर, माहेरचे नाव व गाव आवर्जून नोंदवावे. जीर्ण कागद दरवर्षी नष्ट होत असतात. ते पुन्हा कधीतरी शोधताही येतील, पण वृद्धांच्या स्मरणातील माहितीला दुसरी प्रत नसते. ती प्रथम लिहून घ्यावी.