कथा मंत्रचळाची

दिवाळीच्या साफसफाईत घरातल्या बाईने चार वेळा हात धुतले तर त्याला कोणी आजार म्हणत नाही. पण तीच बाई चाळीस वेळा हात धुऊ लागली, कातडी सोलवटली तरी नळ सोडीना, म्हणजे आपण म्हणतो, "हिला मंत्रचळ लागला." मंत्रात चूक झाली की माणसाचे डोके फिरते, ही या शब्दामागची जुनी समजूत. पुष्कळदा तेवढेही कोणी म्हणत नाही. आपण 'सोवळे कडक आहे' म्हणून गप्प बसतो, शेजारचे कानडी घर 'मडी-मैलिगे' म्हणून. आज डॉक्टर ज्याला ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर, थोडक्यात ओसीडी म्हणतात, तो आजार दोन्ही भाषांत असा धर्माच्या आडोशाला लपला.

युरोपातही तसेच घडले. तिथे अशा शंकेला 'स्क्रुपल' म्हणत. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ टोकदार खडा. वहाणेत शिरलेला खडा जसा पावलागणिक टोचतो, तशी ही शंका. जॉन बनियनचे 'पिलग्रिम्स प्रोग्रेस' हरि केशवजींनी १८४१ साली 'यात्रिकक्रमण' या नावाने मराठीत आणले. याच बनियनने १६६६ च्या आत्मकथनात आपली अवस्था लिहून ठेवली आहे. देवळातील घंटा वाजवण्याचा छंद त्याने पाप समजून सोडला. नुसता पाहायला जाई. मग वाटू लागले, घंटा अंगावर पडली तर? तो तुळईखाली उभा राहिला. भिंतीवर आपटून ती तिथेही आली तर? तो दारात आला. शेवटी मनोराच कोसळेल या भीतीने पळून गेला. त्या काळी यावर उपाय म्हणजे बहुधा पापाची कबुली आणि प्रार्थना.

१८३८ साली फ्रान्सच्या एस्किरोल या वैद्याने एका बाईची हकिगत छापली. अठराव्या वर्षी मावशीच्या घरून निघताना तिला शंका आली, एप्रनच्या खिशातून आपण काही उचलून तर नेत नाही ना? पुढे हिशेबात चूक होईल, पैशाला हात लावला तर बोटांना काही चिकटून येईल, असे वाटू लागले. महत्त्वाचे हे, की आपली शंका हास्यास्पद आहे हे तिला पुरते कळत होते. जर्मनीच्या वेस्टफालने १८७७ साली हेच नेमके मांडले: बुद्धी शाबूत असते, विचार मात्र इच्छेविरुद्ध घुसतात. म्हणजे हे पाप नव्हे आणि वेडही नव्हे.

निदान झाले, पण उपचाराला आणखी नव्वद वर्षे लागली. १९६६ साली लंडनच्या व्हिक्टर मेयरने साधी गोष्ट केली. रुग्णाला ज्याची भीती वाटते त्याला हात लावायला सांगायचे आणि नंतर धुवू द्यायचे नाही. त्यासाठी खोलीतले पाणीही बंद ठेवले. भीती वाढते, थांबते आणि आपोआप ओसरते, हे रुग्ण स्वतः अनुभवतो. आज हे काम रुग्णाच्या संमतीने, पायरीपायरीने करतात. क्लोमिप्रामीन या औषधाचा गुण १९६० च्या दशकाअखेर दिसू लागला; अमेरिकेत त्याला या आजारासाठी १९८९ साली मान्यता मिळाली. पुढे आणखी सौम्य औषधे आली. त्यांचा गुण यायला दोन-तीन महिनेही लागतात, म्हणून आठ दिवसांत ती सोडू नयेत.

हा इतिहास मी उशिरा वाचला, याची खंत आहे. पंचवीसएक वर्षांपूर्वी माझ्या वर्गातली एक मुलगी प्रत्येक गणित लिही, खोडी, पुन्हा लिही. मी तिची वही वर्गात दाखवली, "पाहा किती काळजीने लिहिते!" वार्षिक परीक्षेत तिचा निम्मा पेपर कोरा राहिला. आई भेटायला आली. म्हणाली, "सर, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत विचारते, 'आई, बरोबर आहे ना?' मी शंभरदा 'हो' म्हणते." मी सांगितले, "ताई, असाच धीर देत राहा."

सल्ला सद्भावनेचा होता, पण चुकीचा. ते 'हो' म्हणजे पुन्हा हात धुणेच. क्षणभर बरे वाटते आणि शंका आणखी बळावते. म्हणून आता उपचारात घरच्यांनाही शिकवतात, की मायेने बोला, रागावू नका, पण त्याच प्रश्नाला पुन्हा उत्तर देऊ नका.

शंभरात साधारण दोघांना आयुष्यात केव्हातरी हा आजार गाठतो. म्हणजे आपल्या प्रत्येक शाळेत अशी मुले आहेत. आमच्या भागाला धारवाडची 'डिमहान्स' जवळ आहे, बंगळूरच्या 'निमहान्स'मध्ये या आजाराचे स्वतंत्र क्लिनिक आहे, आणि २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर सरकारची मोफत 'टेलि-मानस' सेवा आहे. मुलाच्या वहीत खोडाखोडीने कागद फाटलेला दिसला, तर शाबासकी देण्याआधी त्याला जवळ बसवून एकदा विचारा.