एक प्रथिन, दोन नावं आणि पाठीचा कणा

ताम्हिणी घाटात गाडी उलटली की बातमीत ‘पाठीच्या कण्याला मार’ एवढंच येतं. तुम्हाला या विषयात काम करायचं असेल तर तेवढ्यावर भागणार नाही. मणके म्हणजे हाडं. दोन मणक्यांमधली गादी म्हणजे डिस्क. आणि मणक्यांच्या पोकळीतून मेंदूपासून खाली येणारा चेतातंतूंचा जाड दोर म्हणजे मज्जारज्जू. हाड जुळतं, पण मज्जारज्जू तुटला तर माणसात तो पुन्हा सांधत नाही.

का सांधत नाही, यावर रामोन इ काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच बारकाईनं काम केलं होतं. तुटलेल्या तंतूंना कोंब फुटतात, पण वाढ थोड्यात थांबते, असं त्याला दिसलं. मग बरीच वर्षं ‘हे तंतू वाढूच शकत नाहीत’ असं धरून चालले. १९८१ साली डेव्हिड आणि अग्वायो यांनी उंदरांमध्ये हातापायांकडे जाणाऱ्या नसेचा तुकडा पुलासारखा बसवला, तर तेच तंतू त्यातून वाढले! म्हणजे तंतू नव्हे, भोवतालचा परिसर आडवा येत होता. पुढे झुरिकच्या मार्टिन श्वाब यांनी वाढ रोखणारं प्रथिन शोधलं, २००० साली त्याचा जनुक सापडला, नाव पडलं ‘नोगो’. त्याला अडवणारी प्रतिपिंडं उंदरांत चालली. माणसांवरच्या मोठ्या चाचणीचे निकाल २०२४ मध्ये आले, त्यात सरसकट फायदा दिसला नाही. उंदीर ते माणूस हे अंतर किती, ते यातून कळतं.

आता झेब्राफिश. या बोटभर माशाचा मज्जारज्जू पूर्ण कापला तरी तो सहा-आठ आठवड्यांत पुन्हा पोहतो. जखमेच्या दोन टोकांमध्ये आधारपेशींचा पूल तयार होतो. २०१६ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या गटानं ‘सायन्स’मध्ये दाखवलं, की या पुलासाठी सीटीजीएफ हे प्रथिन लागतं. माणसाचं सीटीजीएफ माशाच्या जखमेवर सोडलं तरी पूल बांधायला मदत झाली.

२०२३ साली पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतून, चिन्मय पात्रा यांच्या गटाचा शोधनिबंध ‘डेव्हलपमेंट’मध्ये आला. झेब्राफिशच्या डिस्कमधल्या पेशी सीसीएन२ए नावाचं प्रथिन बाहेर सोडतात. झिजलेल्या डिस्कमध्ये ते वाढवलं तर पेशी तगतात, नव्यानं वाढतात. बातम्यांत हे ‘म्हातारी डिस्क पुन्हा तरुण’ अशा थाटात आलं. मज्जारज्जूचा त्यात संबंध नव्हता, आणि प्रयोग माशांवर होता.

गंमत अशी, की सीसीएन२ आणि सीटीजीएफ हे एकच प्रथिन. १९९१ साली त्याला ‘संयोजी ऊतींचा वाढघटक’ म्हणून नाव मिळालं, पुढे सीसीएन कुटुंबात घालून नवं नाव दिलं. तुम्ही शोधखिडकीत एकच नाव टाकलंत, तर अर्धा इतिहास सुटतो. आणि सुटणारा अर्धा भाग बिनमहत्त्वाचा नाही. हेच प्रथिन फुप्फुसात, मूत्रपिंडात व्रणासारखी ऊती वाढवतं. त्याला अडवणारं पॅमरेव्हलुमॅब हे औषध फुप्फुसाच्या आजारासाठी तपासलं गेलं, आणि २०२३ मध्ये मोठ्या चाचणीत ते अपयशी ठरलं. म्हणजे एका खोलीत लोक हे प्रथिन वाढवायला बघतायत, शेजारच्या खोलीत दाबायला. माझ्या मते शोधप्रस्तावात पहिला प्रश्न हाच हवा: जखमेत सोडलेलं सीसीएन२ पूल बांधेल की व्रण?

शिवाय प्रथिन तोंडानं घेतलं तर पचून जातं, म्हणून टोचावंच लागतं. प्रौढ माणसाच्या डिस्कच्या गाभ्यात रक्तवाहिन्या नसतात, आणि मज्जारज्जूभोवती रक्तातून येणाऱ्या मोठ्या रेणूंना अडवणारी भिंत असते. दोन्हीकडे औषध थेट जागेवर पोहोचवावं लागेल, तेही गरजेपुरते दिवसच.